विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधील ‘लाल शेवाळ’ खरे तर शेवाळ नाहीच! मग ते घालवायचे कसे?

गणपतीला पाच दिवस गावी जायचे, शेजाऱ्यांकडे घराची किल्ली आणि माशांच्या खाद्याची डबी द्यायची आणि परतल्यावर टाकीचा दिवा लावला की पांढऱ्या वाळूवर गडद लाल, मखमलीसारखा थर पसरलेला दिसायचा. खाऱ्या पाण्याचा फिशटँक बाळगणाऱ्या अनेकांना हा अनुभव नवा नाही. थर हाताने काढला तर चार दिवसांत पुन्हा येतो. मग कोणीतरी औषधाची बाटली सुचवते. थर दोन-तीन दिवसांत नाहीसा होतो, पण काही वेळा त्याबरोबर मासेही दगावतात. आणि महिन्याभराने वाळू पुन्हा लाल होते. हा थर नेमका कशाचा असतो, तो का येतो, औषधानंतरही का परततो आणि त्यावर टिकाऊ उपाय कोणता, याविषयी…

हा लाल थर नेमका कशाचा?

नाव ‘लाल शेवाळ’ असले तरी हे शेवाळ नाही. हा सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा थर असतो. जिवाणू असूनही ते वनस्पतींप्रमाणे प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. त्यामुळेच पूर्वी त्यांना ‘नील-हरित शेवाळ’ म्हटले जाई. भातशेती करणाऱ्यांना हे नाव ओळखीचे असेल. हवेतला नत्र स्थिर करणारे जैविक खत म्हणून भातखाचरात वापरले जाते, ते हेच. टाकीत वाढणाऱ्या प्रकारांमध्ये फायकोएरिथ्रिन नावाचे रंगद्रव्य अधिक असते. ते हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे थर लाल किंवा जांभळट दिसतो.

सायनोबॅक्टेरिया हे पृथ्वीवरील अतिशय जुन्या जीवांपैकी आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात प्राणवायू साठू लागला, तो त्यांच्यामुळे. त्यामुळे टाकीतून त्यांचा समूळ नायनाट होईल, ही अपेक्षा चुकीची ठरते. निरोगी टाकीतही ते थोड्या प्रमाणात असतातच. त्यांना चादरीसारखे पसरू देणारी परिस्थिती बदलणे, एवढेच टाकीच्या मालकाच्या हातात असते.

थर सायनोबॅक्टेरियाचाच आहे, हे कसे ओळखायचे?

उपाय करण्यापूर्वी ही खात्री आवश्यक आहे, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन थरांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात. सायनोबॅक्टेरियाचा थर चिकट, बुळबुळीत असतो आणि चिमटीत धरून उचलला तर साय निघावी तसा सलग निघतो. दुपारनंतर त्यावर प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री दिवे बंद झाल्यावर थर विरळ वाटतो आणि सकाळी पुन्हा दाट होऊ लागतो. बाहेर काढल्यावर त्याला कुबट वास येतो.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी पूड पसरल्यासारखी दिसते. ते डायटम असतात आणि बहुतेक वेळा आपोआप कमी होतात. खडकावर गुलाबी-जांभळा, नखाने न खरवडता येणारा कठीण लेप असेल तर ते कोरलाइन शेवाळ. ते टाकी चांगली असल्याचे लक्षण आहे, त्याला हात लावू नये.

खरी गफलत होते ती डायनोफ्लॅजलेटबाबत. त्यांचा थर तपकिरी, शेंबडासारखा तारा सुटणारा आणि टोकाशी बुडबुडे धरलेला असतो. पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर गेल्यावर तो अनेकदा उफाळतो. अशा वेळी पोषकद्रव्ये आणखी कमी केली तर तो वाढतो. शंका असल्यास थराचा थोडा नमुना शाळेत असतो तशा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. लांब, धाग्यांसारख्या साखळ्या दिसल्या तर सायनोबॅक्टेरिया आणि सुट्या, हलणाऱ्या पेशी दिसल्या तर डायनोफ्लॅजलेट.

थर येण्याची कारणे कोणती?

थोडक्यात सांगायचे तर टाकीत जेवढे जाते, तेवढे बाहेर पडत नाही. माशांचे खाद्य, त्यांची विष्ठा, वाळूत अडकलेला गाळ आणि मेलेले जीव यांतून फॉस्फेट, नायट्रेट आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ साठत जातात. त्यात पाण्याचा प्रवाह मंद असेल तर थर तिथेच बसतो. खडकामागचा कोपरा, टाकीची पुढची काच आणि वाळू यांमधली फट अशा जागी तो सर्वांत आधी दिसतो, याचे कारण हेच.

हिशेब पाहिला तर साठा किती वेगाने होतो, हे लक्षात येते. अनेक कोरड्या खाद्यांत फॉस्फरसचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एक ग्रॅम खाद्यातून सुमारे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, अर्थात सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट टाकीत जाते. २०० लिटरच्या टाकीत ते तसेच राहिले, तर प्रत्येक लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमची भर पडते. प्रवाळ असलेल्या टाकीत फॉस्फेट साधारण ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर राखावे, असे छंदिष्ट मानतात. सुट्टीच्या पाच दिवसांत ‘मासे उपाशी राहू नयेत’ म्हणून शेजाऱ्यांनी मायेने टाकलेली जादाची चिमूट किती महाग पडते, ते यावरून कळते. निरोगी, मोठे मासे दोन-तीन दिवस खाद्याविना सहज राहू शकतात.

जुने दिवे हेही एक कारण सांगितले जाते. ट्यूबलाइटसारखे दिवे वापरून जुने झाले की त्यांच्या प्रकाशाचा वर्णपट बदलतो. मात्र, पोषकद्रव्ये नसतील तर केवळ दिव्यामुळे थर येत नाही. दिवे दिवसाला आठ ते दहा तासांपेक्षा जास्त सुरू ठेवू नयेत आणि टाकीवर खिडकीतून थेट ऊन येऊ देऊ नये.

चाचणीत नायट्रेट शून्य येते, तरी थर कसा?

अनेकांना बुचकळ्यात टाकणारा हा प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे, चाचणीच्या नळीत दिसते ते पाण्यात उरलेले. थर जेवढे खातो, ते चाचणीत येतच नाही. जोमाने वाढणारा थर पाण्यातील पोषकद्रव्ये झटपट शोषून घेतो आणि आकडा खोटा दिलासा देतो.

दुसरे उत्तर भातखाचराशी जोडलेले आहे. काही सायनोबॅक्टेरिया पाण्यात विरघळलेला नत्रवायू स्वतःच स्थिर करू शकतात. त्यांना नायट्रेटची गरज नसते. त्यामुळे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट भरपूर, अशी टाकी त्यांना फावते. नायट्रेटवाचून अडणारी इतर शेवाळे मागे पडतात आणि मोकळी जागा सायनोबॅक्टेरिया घेतात. म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात. नायट्रेट दोन ते दहा मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि फॉस्फेट वर दिलेल्या मर्यादेत, हे दोन्ही शून्य करण्यापेक्षा चांगले. नायट्रेट उतरवण्यासाठी टाकीत व्होडका किंवा व्हिनेगर टाकण्याचा प्रकारही काही जण करतात. त्याचे प्रमाण चुकले तर त्या कार्बनवर लाल थरच पोसला जाऊ शकतो.

नळाचे पाणी चालते का?

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरच्या टाकीसाठी हे पाणी मिठाचे तयार मिश्रण विरघळवून बनवले जाते. मीठ चांगले असले तरी ते ज्या पाण्यात विरघळवले, त्या पाण्यात काय आहे, हे महत्त्वाचे. नळाच्या, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट कमी-अधिक असू शकतात.

यात एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. टाकीतून बाष्प होऊन उडते ते फक्त पाणी, त्यातले क्षार मागेच राहतात. टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडत असेल आणि भर घालताना लिटरमागे १०० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ असलेले पाणी वापरले, तर महिन्याला सहा ग्रॅम अनावश्यक पदार्थ टाकीत साठतात.

मग स्वयंपाकघरातील आरओचे पाणी वापरावे का? ते नळाच्या पाण्यापेक्षा बरे, पण पुरेसे नाही. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अनेक घरगुती यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळली जातात. टाकीसाठी आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा असलेले यंत्र लागते आणि त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मीटरवरचा आकडा शून्याला टेकलेला असावा लागतो. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पाण्यातील थर घालवण्यासाठी करायचा पहिला खर्च औषधावर नव्हे, या मीटरवर करायला हवा.

थर घालवायचा कसा?

पहिली पायरी म्हणजे तो प्रत्यक्ष बाहेर काढणे. यासाठी दुपारनंतरची वेळ चांगली, कारण बुडबुड्यांमुळे थर सैल झालेला असतो. आधी पंप बंद करावेत, नाहीतर तुकडे टाकीभर पसरतात. हवेच्या पंपाला लावतात तशा बारीक नळीने सायफन लावून थर बादलीत ओढून घ्यावा. नळी तोंडाने ओढू नये आणि हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. खडकावरचा थर मऊ टूथब्रशने सोडवताना नळीचे तोंड त्याला लागूनच धरावे. काढलेले पाणी टाकून द्यावे.

दुसरी पायरी पाणी बदलण्याची. आठवड्याला १५ ते २० टक्के पाणी बदलावे. नवे खारे पाणी आदल्या दिवशीच तयार करून, त्यात पंप फिरवून, तापमान आणि क्षारता टाकीइतकी झाल्यावरच घालावे. यातही हिशेब लक्षात ठेवावा. नायट्रेट ४० असेल तर २० टक्के पाणी बदलल्यावर ते ३२ वर येते, दुसऱ्या वेळी सुमारे २६, तिसऱ्या वेळी सुमारे २० आणि चौथ्या वेळी सुमारे १६. तेही मधल्या काळात नवी भर पडली नाही, असे गृहीत धरून. म्हणजे एका रविवारी पाणी बदलून चमत्कार होत नाही.

तिसरी पायरी खाद्याची. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. गोठवलेले खाद्य गाळणीत धरून आरओच्या पाण्याने धुऊन घ्यावे, त्याचे गढूळ पाणी टाकीत ओतू नये. माशांची संख्या टाकीच्या मानाने जास्त असेल, तर कोणताही उपाय अपुरा पडतो.

चौथी पायरी प्रवाहाची. टाकीतील सर्व पंप मिळून तासाला टाकीच्या आकारमानाच्या किमान १० ते २० पट पाणी फिरवतील, असे पाहावे. २०० लिटरच्या टाकीत हा आकडा दोन ते चार हजार लिटर होतो. नवा पंप घेण्याआधी आहे त्या पंपाचे तोंड थर बसलेल्या कोपऱ्याकडे वळवून पाहावे, तेवढ्यानेही फरक पडतो. प्रवाळावर मात्र थेट झोत नको.

पाचवी पायरी गाळणीची. फिल्टरमधला स्पंज आणि कापड दर दोन-तीन दिवसांनी धुवावे, नाहीतर अडकलेला गाळ तिथेच कुजतो. प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांच्या साहाय्याने विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फेसातून बाहेर काढतो. त्याचा कप आणि नळी स्वच्छ ठेवली तरच तो नीट चालतो. फॉस्फेट जास्त असेल तर लोहयुक्त दाणे वापरता येतात, पण थोड्या मात्रेने. फॉस्फेट अचानक कोसळले तर प्रवाळांना धक्का बसतो. शिवाय खडक आणि वाळूने शोषलेले फॉस्फेट हळूहळू पाण्यात उतरत राहते. त्यामुळे जुन्या टाकीत आकडा खाली यायला वेळ लागतो.

हे सारे एकत्र केले, तर फरक दिसायला साधारण चार ते सहा आठवडे द्यावेत. गोगलगायी आणि खेकडे सोडून थर संपेल, अशी आशा धरू नये. शेवाळ खाणारे बहुतेक जीव या थराला तोंड लावत नाहीत.

तीन दिवस अंधार केला तर?

हा उपाय लोकप्रिय आहे आणि मर्यादित अर्थाने उपयोगी आहे. आधी शक्य तेवढा थर काढायचा, मग तीन दिवस दिवे बंद ठेवून टाकी जाड कापडाने झाकायची. प्रकाशाविना थर कमकुवत होतो. मासे हा अंधार सहन करतात, निरोगी प्रवाळही बहुतेक वेळा करतात. मात्र, या काळात हवेचा पंप सुरू हवा, कारण अंधारात टाकीत प्राणवायू तयार होत नाही, फक्त वापरला जातो. चौथ्या दिवशी मेलेला थर सायफनने काढून पाणी बदलावे आणि दिवे थोड्या तासांपासून वाढवत न्यावेत. मूळ कारण तसेच राहिले, तर अंधाराचा परिणाम काही आठवड्यांत पुसला जातो.

अँटिबायोटिक टाकावे का?

थर जिवाणूंचा असल्याने जिवाणूनाशक औषध त्यावर चालते. लाल थरासाठी इरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक छंदिष्टांमध्ये वापरले जाते. ते जिवाणूंची प्रथिने तयार करण्याची यंत्रणा बंद पाडते. परिणाम झटपट दिसतो आणि धोकाही त्यातच आहे.

मोठा थर एकदम मेला की तो टाकीतच कुजतो. कुजताना प्राणवायू वापरला जातो आणि अमोनिया वाढतो. मुंबई-पुण्यातील उन्हाळ्यात पाणी तापलेले असेल, तर त्यात आधीच प्राणवायू कमी मावतो. अशा रात्री वीज गेली की सकाळी मासे तरंगताना दिसतात. ज्या पोषकद्रव्यांवर थर वाढला होता, तीही पुन्हा पाण्यात मिसळतात. म्हणून महिन्याभराने थर परत येतो. याशिवाय अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही या औषधाचा फटका बसू शकतो.

दुसरा प्रश्न टाकीबाहेरचा आहे. इरिथ्रोमायसिन हे माणसांसाठीचे औषध आहे आणि भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. औषध घातलेले पाणी बदलताना गटारात जाते. अर्धवट मात्रेतून वाचलेले जिवाणू औषधाला दाद न देणारे होण्याची शक्यता असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये शोभिवंत मासे व इतर प्राण्यांसाठी मान्यतेविना जिवाणूनाशके विकणाऱ्या नऊ उत्पादक-वितरकांना इशारापत्रे दिली, त्यामागे हीच चिंता होती.

त्यामुळे औषध हा शेवटचा उपाय ठेवावा आणि तोही माशांच्या आजारांची जाण असलेल्या पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. वेळ आलीच, तर आधी थर हाताने काढावा, हवेचा पंप जोडावा, मात्रा अंदाजाने टाकू नये आणि अमोनियाची चाचणी रोज करावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचेही तसेच. जास्त मात्रेत ते कोळंबी आणि इतर नाजूक जिवांना घातक ठरते.

समुद्रातही असा थर येतो का?

येतो, आणि नियम तेच असतात. ट्रायकोडेस्मियम हा समुद्री सायनोबॅक्टेरिया स्वतःच नत्र स्थिर करतो. पावसाळ्यापूर्वी, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात अरबी समुद्र शांत आणि उबदार असतो. तेव्हा गोव्याच्या किनाऱ्याजवळही त्याचे तपकिरी-पिवळट पट्टे पाण्यावर दिसतात. खलाशी त्याला ‘समुद्री भुसा’ म्हणत. लाल समुद्राच्या नावामागेही हाच जीव असावा, असे एक मत आहे.

प्रवाळांच्या ‘ब्लॅक बँड’ या रोगातही सायनोबॅक्टेरियाचा मोठा वाटा असतो. कॅरिबियन समुद्रात १९७०च्या दशकात त्याची पहिली नोंद झाली. काळपट पट्टा प्रवाळावरून दिवसाला काही मिलिमीटर सरकतो आणि मागे पांढरा सांगाडा उरतो. टाकीतील लाल थर म्हणजे हा रोग नव्हे. मात्र, प्रवाळावर पसरलेला थर त्याचा प्रकाश आणि प्रवाह अडवतो, त्यामुळे टाकीत प्रवाळावरचा थर सर्वांत आधी काढावा.

टाकीत प्रवाळ किंवा ‘जिवंत खडक’ ठेवणाऱ्यांनी कायदाही ध्यानात ठेवायला हवा. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे यांना संरक्षण दिले आहे. समुद्रातून तोडून आणलेला तुकडा घरात असणे अडचणीचे ठरू शकते. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम खडक हा सुरक्षित पर्याय आहे. नवा असल्याने त्यात फॉस्फेटचा जुना साठाही नसतो.

पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे?

एक वही ठेवावी. तारीख, नायट्रेट, फॉस्फेट, क्षारता, तापमान, किती पाणी बदलले आणि दिवे किती तास सुरू होते, एवढे आठवड्यातून एकदा लिहावे. पुढच्या वेळी थर दिसला तर त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत काय बदलले, ते त्या पानांवर सापडते. बहुतेक वेळा कारण साधे असते. आरओचे रेझिन संपलेले असते, एखादा पंप मीठ साचून मंदावलेला असतो, नवा मासा आल्याने खाद्य वाढलेले असते किंवा एखादी गोगलगाय खडकामागे मरून पडलेली असते.

नवी टाकी असेल तर पहिल्या काही महिन्यांत थर येणे-जाणे सामान्य आहे. त्या काळात औषधे टाकण्यापेक्षा सायफन, पाणी बदलणे आणि कमी खाद्य एवढ्यावर थांबावे. आणि गावी जाताना शेजाऱ्यांकडे पूर्ण डबी देऊ नये. दिवसानुसार मोजलेल्या पुड्या करून, त्यावर वार लिहून द्याव्यात आणि ‘पुडी विसरली तरी चालेल, जास्त टाकू नका’ असे सांगून जावे.